बोक्याच्या अ‍ॅड्रिनलची गाठ: सोनोग्राफी की थेट सीटी?

उनाडबोका: बोका १३ वर्षांचा. मान खाली पडलेली, उडी मारणं बंद. रक्तात पोटॅशियम कमी, बीपी १९०. किडनी, थायरॉइड ठीक. डॉक्टरांना अ‍ॅड्रिनलच्या (किडनीजवळची छोटी हार्मोन-ग्रंथी) गाठीची शंका आहे. खर्च एकाच तपासणीचा झेपेल. काय करू?

मनीमावशी: सरळ सीटी करा. आमच्या मनीचं सीटीतच कळलं. पैशाकडे काय बघायचं!

शेपटीवाला: +१ सीटी. पण त्याला भूल लागते, हे लक्षात घ्या. आणि थायरॉइड तपासा.

उनाडबोका: थायरॉइड ठीक आहे, वर लिहिलंय.

निमवैद्य: आधी सोनोग्राफी, पण रोज मांजरांची करणाऱ्याकडूनच. मांजराची अ‍ॅड्रिनल जेमतेम ३-५ मिलिमीटर जाड, नवख्याला सापडतही नाही. दोन्ही बाजूंची मापं लिहून मागा. एकीकडे सेंटिमीटरच्या वर गोळा दिसला तर शंका पक्की होते. तो शेजारच्या व्हीना कावा या मोठ्या शिरेत घुसलाय का, हेही विचारा. गाठ साधी की कॅन्सरची, ते मात्र सोनोग्राफीत ठरत नाही.

खवचट_खोडकर: पोट भादरतात ते कोणी सांगत नाही. आमचा गुंड्या महिनाभर सोललेल्या बटाट्यासारखा हिंडत होता.

मनीमावशी: मनीचं नव्हतं भादरलं.

खवचट_खोडकर: तुमचं सीटी होतं, मावशी.

दुधावरचीसाय: आमच्या रिपोर्टात अ‍ॅड्रिनलमध्ये कॅल्शियम आलं, घरात रडारड. म्हाताऱ्या मांजरांत ते बऱ्याचदा निरुपद्रवी असतं, हे नंतर कळलं. आधी सांगायला काय जात होतं?

निमवैद्य: बरोबर. उलट सोनोग्राफी नॉर्मल आली तरी सुटका नाही. दोन्ही ग्रंथी थोड्या वाढून अ‍ॅल्डोस्टेरॉन (पोटॅशियम घटवणारं, बीपी वाढवणारं हार्मोन) जास्त पाझरतं तेव्हा चित्र साधंच दिसू शकतं.

शेपटीवाला: म्हणूनच सीटी म्हटलं!

निमवैद्य: सीटी ऑपरेशन करायचं असेल तर. रक्तस्रावाचा धोका असतो, आधी नकाशा हवाच.

उनाडबोका: ऑपरेशन या वयात करणार नाही, घरात ठरलं. मग गाठ बघून करू काय? फक्त अ‍ॅल्डोस्टेरॉनची रक्ततपासणी करतोय. पोटॅशियमचं औषध आणि बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन, दोन्ही आजपासून. डॉक्टर म्हणाले, स्पायरोनोलॅक्टोन (अ‍ॅल्डोस्टेरॉनचा परिणाम अडवणारं औषध) रक्ताचा नमुना दिल्यावरच, नाहीतर आकडा फसवा येतो.

मनीमावशी: मग विचारलंत कशाला?

दुधावरचीसाय: बीपीचं लवकर बघा हो, डोळ्यांचा पडदा सुटतो. आणि थायरॉइड एकदा...