मदत हवी आहे: मागच्या एक्सलच्या हौसिंगचा (गियरच्या पेटीचा) आवाज जात नाही, पुन्हा नवीन क्राऊन-पिनियन घेऊ का?

चिखल्या
नमस्कार मंडळी. मोठे टायर टाकल्यापासून गाडी चढाला पाचव्यात दम तोडायची म्हणून मागच्या एक्सलचा रेशो, म्हणजे क्राऊन-पिनियन ही गियरची जोडी, बदलून घेतला. आता मागून सतत हूंऽऽऽ असा आवाज येतोय. बायको म्हणते डिकीत मांजर बसलंय. ऑईल नवीन आहे. ज्यांनी काम केलं ते म्हणतात गियर घासून बसतील, थांबा. थांबलो, जात नाहीये. पुढच्या शनिवारी डोंगरात जायचंय. दुसरं क्राऊन-पिनियन मागवू की अख्खा एक्सलच बदलू? जरा लवकर सांगा.

बारातेराचापाना
गाडी कुठली? टायर केवढे? आधीचा रेशो किती, आताचा किती? आवाज किती वेगाला, रेस देताना की सोडल्यावर? पहिल्या दिवसापासून की नंतर सुरू झाला? फोर बाय फोर आहे का? एवढं कळल्याशिवाय एक्सल काय, आरसासुद्धा बदलू नका.

चिखल्या
सगळं लिहिलंय की वर. जीप आहे, टायर ३३ इंची, रेशो ४.५६. आवाज सगळीकडेच येतो.

बारातेराचापाना
वर यातलं काहीही नाही. पुन्हा वाचून या.

तेलकट
ऑईल कुठलं घातलंय? ८०डब्ल्यू-९० असेल तर काढून टाका आणि ८५डब्ल्यू-१४० घाला. माझ्या गाडीचा असाच आवाज होता, दोन दिवसांत गप्प.

सूक्ष्ममापी
तेलकट, जाड ऑईलने आवाज झाकला जातो, दुखणं तिथेच राहतं. जीएल-५ दर्जाचं, कंपनीने सांगितलेल्या जाडीचं ऑईल पुरे.
चिखल्या, दोन गोष्टी बघा. आधी सरळ रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवा. झुलवताना आवाज कमी-जास्त झाला तर चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्या. फरक पडला नाही आणि रेस देताना नि सोडताना आवाजाचा सूर बदलला, तर पिनियनकडे बघायचं.

कडेलोट
एवढ्या भानगडी कशाला? डिफरन्शियलचे स्पायडर गियर (वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे) वेल्ड करा आणि मोकळे व्हा. दोन्ही चाकं एकत्र फिरतात, चिखलात गाडी अडकत नाही. मी तीन वर्षं चालवतोय.

सूक्ष्ममापी
त्यांनी आवाज विचारलाय, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधणारं यंत्र) नाही. वेल्ड केलेली गाडी डांबरी रस्त्यावर वळवताना आतलं आणि बाहेरचं चाक सारख्याच फेऱ्या मारतं. टायर घासतात आणि सगळा ताण एक्सल शाफ्टवर येतो. शनिवार-रविवार चिखलातच लोळणाऱ्या गाडीला ठीक. ही गाडी ऑफिसलाही जात असेल.

कडेलोट
माझीही जाते. वळताना थोडी ओरडते एवढंच.

चिखल्या
मॅडम, झुलवून बघितली, फरक नाही. साठच्या पुढे गेलं आणि रेस सोडली की आवाज जास्त. आधीचा रेशो ३.७३ होता, टायर आधी २९ चे. आता कृपया कुणी सांगेल का, क्राऊन-पिनियन मागवू का?

जीपखुळा
३.७३ म्हणजे क्राऊनला ४१ आणि पिनियनला ११ दात, ४.५६ म्हणजे ४१ आणि ९. रेशो म्हटलं की मला जुन्या गाड्या आठवतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस एमबीला मागे ४.८८ होता, ३९ दातांचं क्राऊन आणि ८ दातांचं पिनियन. युद्ध संपल्यावर नागरी वापराची सीजे-२ए आली, तिला ५.३८, म्हणजे ४३ आणि ८. शेतीची कामं करायची गाडी, वेग हवाच कुणाला होता? आजच्या पोरांना १२० ने पळायचंही असतं आणि खडकावरही चढायचं असतं.

रात्रपाळी
स्पीडोमीटरचं काय केलंत? गियरबॉक्सवरून वेग मोजणारी गाडी असेल तर ३.७३ वर ३३ चे टायर टाकले तेव्हा काटा खऱ्या वेगापेक्षा साधारण १२ टक्के कमी दाखवत होता. आता ४.५६ केल्यावर उलट, सात टक्क्यांच्या आसपास जास्त दाखवेल. त्यामुळे तुमचे साठ म्हणजे खरे छप्पनच.

चिखल्या
स्पीडोमीटर कुणी विचारलाय??

बारातेराचापाना
विचारलं नव्हतं, पण हिशोब बरोबर आहे. रेशोही ठीक निवडलाय. जुना जोर परत आणायला ३.७३ गुणिले ३३ भागिले २९, म्हणजे ४.२४ पुरला असता. वजन आणि चढ धरून थोडा वर घेतला, हरकत नाही.
आता माझ्या राहिलेल्या प्रश्नांचं सांगा. आवाज पहिल्या दिवसापासून होता का? आणि पुढचा एक्सल?

चिखल्या
पहिले दोन-तीनशे किलोमीटर आवाज नव्हता. नंतर सुरू झाला. पुढचा अजून जुनाच आहे, पैसे जमले की करू. फोर बाय फोर क्वचितच लावतो.

बारातेराचापाना
थांबा थांबा. पुढे ३.७३, मागे ४.५६ आणि फोर बाय फोर "क्वचित" लावता?

जीपखुळा
देवा.

बारातेराचापाना
अहो, फोर बाय फोर लावलं की ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) दोन्ही प्रॉपेलर शाफ्टना, म्हणजे एक्सल फिरवणाऱ्या दांड्यांना, एकाच वेगाने बांधते. चाकाच्या एका फेरीला पुढचा शाफ्ट ३.७३ फेरे मागतो, मागचा ४.५६. फरक २२ टक्क्यांचा. चिखलात टायर घसरून ती तफावत गिळतात, म्हणून तुम्हाला कळलं नाही. खडकावर किंवा डांबरावर लावलंत तर जे सगळ्यात कच्चं असेल ते मोडेल. पुढचा बदलेपर्यंत त्या लिव्हरला हात लावू नका. शनिवारचा डोंगर विसरा.

चिखल्या
बरं, नाही लावणार. पण आवाजाचा याच्याशी संबंध आहे का?

सूक्ष्ममापी
बहुधा नाही. मला ते "नंतर सुरू झाला" खटकतंय. गियर चुकीचे बसवले असते तर आवाज पहिल्याच दिवशी आला असता. त्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर हौसिंगला कुणी हात लावला होता का? काहीही असो, छोटं वाटलं तरी सांगा.

चिखल्या
नाही, काही नाही. फक्त पिनियनचं ऑईल सील गळत होतं ते बदललं. ते किरकोळ काम, अर्ध्या तासात झालं.

सूक्ष्ममापी
सापडलं. सील बदलायला पिनियन नट काढला असेल. परत कशाने आवळला?

चिखल्या
एअर गनने. चांगला घट्ट केला, परत गळायला नको म्हणून.

सूक्ष्ममापी
अहो दादा! त्या नटाचं काम फ्लँज धरून ठेवणं एवढंच नाही. पिनियनच्या दोन टेपर बेअरिंगांवर किती दाब राहील, म्हणजे प्रीलोड, तेही तो नटच ठरवतो. दोन बेअरिंगांमध्ये पातळ नळीसारखी क्रश स्लीव्ह असते. नट आवळताना ती दबत जाते, आणि एकदा दबली की परत फुगत नाही. गनने आवळली की ती हवी त्यापेक्षा जास्त चेंगरते आणि बेअरिंग आवळली जातात. मग ती तापतात, त्यांचे रोलर झिजतात, आणि आवाज सुरू होतो. आता नट अर्धा फेरा सैल करूनही उपयोग नाही, प्रीलोड परत येत नाही. स्लीव्ह नवीच लागते.

जीपखुळा
सगळ्यांत स्लीव्ह नसते हं. जुन्या डाना ४४ एक्सलमध्ये प्रीलोड शिमवर (पातळ चकत्यांवर) असतो, तिथे नट दणकून आवळला तरी चालतो. त्यांच्यात काय आहे ते आधी बघा.

सूक्ष्ममापी
बरोबर. चिखल्या, हौसिंग उघडून बघावं लागेल. त्याआधी एक सोपी चाचणी: पंचवीसेक किलोमीटर चालवून थांबा आणि प्रॉपेलर शाफ्ट हौसिंगला जिथे मिळतो तिथे, पिनियनच्या बेअरिंगच्या वर, हात जपून टेकवा. बाकी हौसिंग कोमट आणि तेवढीच जागा हात ठेववत नाही इतकी तापलेली असेल तर समजा बेअरिंग गेलंय. ऑईल काढाल तेव्हा चुंबकाच्या नटावर बघा. करडा, बोटाने पुसता येणारा चिखल नव्या गियरला चालतो. चमकणारे कपचे निघाले तर ते बेअरिंगचे किंवा दातांचे.

तेलकट
तरी मी म्हणतो, एकदा १४० घालून बघा.

चिखल्या
मॅडम, हात टेकवता आला नाही. फोड येता येता राहिला. शनिवारी उघडतो, डोंगर गेला तेल लावत.

*(रविवार)*

चिखल्या
उघडलं. मित्राकडचं डायल गेज आणलं. क्राऊनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ०.२० मिमी भरला. ऑईलमध्ये चांदीच्या वर्खासारखे कपचे आहेत. प्रॉपेलर शाफ्ट सोडून पिनियन हाताने फिरवला तर करकर करत फिरतो, एका जागी अडतोसुद्धा. स्लीव्हवालाच आहे, स्लीव्ह मधोमध फुगून चपटी झालीय. आतल्या बेअरिंगचे रोलर निळसर. दातांवर मात्र ओरखडा नाही. आता तरी क्राऊन-पिनियन मागवू का?

सूक्ष्ममापी
नको! बॅकलॅश साधारण ०.१५ ते ०.२५ च्या आत आहे, दात शाबूत आहेत, जोडी वाचली. कपचे सगळीकडे फिरलेत, म्हणून पिनियनची दोन्ही बेअरिंग कपांसकट बदला. कॅरिअरची (क्राऊन ज्यावर बसतो त्याची) तपासा, शंका आली तर तीही. हौसिंग आणि एक्सलच्या नळ्या आतून धुऊन घ्या. स्लीव्ह नवी, नट नवा, सील नवं.
पिनियनच्या आतल्या बेअरिंगला जी शिम निघेल तिची जाडी मायक्रोमीटरने मोजून तीच परत घाला. तरीही बेअरिंग नवं असल्यामुळे दातांवर रंग लावून खूण तपासा. रंगाचा ठसा दाताच्या उंचीच्या मधोमध यायला हवा. मुळाशी गेला तर पिनियन जास्त आत, शेंड्याशी गेला तर जास्त बाहेर. त्यात शिम बदलावी लागते, नटाने काही होत नाही.
नट लांब दांड्याच्या पान्याने थोडा थोडा आवळा आणि दर वेळी पिनियन फिरवायला लागणारा जोर इंच-पौंडाच्या टॉर्क रेंचने मोजा. तुमच्या एक्सलच्या मॅन्युअलमध्ये नव्या बेअरिंगचा आकडा असेल, तो आला की थांबा. जरासा पुढे गेलात तर स्लीव्ह गेली, म्हणून दोन आणून ठेवा.

बारातेराचापाना
तीन आणा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोन चेंगरल्या होत्या.

कडेलोट
उघडलंच आहे तर वेल्ड...

बारातेराचापाना
नाही.

चिखल्या
सगळ्यांचे आभार. बेअरिंग आणि तीन स्लीव्ह मागवल्या. बसवल्यावर लगेच पळवली तर चालेल ना?

सूक्ष्ममापी
पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं सावकाश चालवा आणि हौसिंग पूर्ण गार होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर ओढू नका, मग ऑईल बदला. आणि गन कपाटात ठेवून कुलूप लावा.

चिखल्या
लावलं. पुढच्या एक्सलला ४.५६ च घालायचा ना? त्यासाठी वेगळा धागा काढतो.

बारातेराचापाना
काढा. फक्त पहिल्या ओळीत गाडीचं नाव लिहा.