पी०३०२ आणि पी०३०० एकत्र आलेत, गाडी मिसिंग करतेय (मधेच एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही). आधी काय तपासू?

निवांत_चालक:
नमस्कार मंडळी. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे, प्रत्येक प्लगवर ठिणगीची वीज देणारी स्वतंत्र कॉइल. आठवडाभर सकाळी सुरू केली की इंजिन थरथरतं, गरम झालं की बरंचसं शांत होतं. काल चढणीवर रेस दिली तर आचके यायला लागले आणि इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. पाय काढल्यावर लुकलुकणं थांबलं, दिवा मात्र पेटलेलाच राहिला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा पी०३०२ आणि पी०३०० हे दोन कोड निघाले. ते म्हणतात चारही कॉइल, प्लग, इंजेक्टर सगळं बदला. सगळं एकाच वेळी कसं बिघडेल, हे मला पटत नाही. पाने-सॉकेट हाताळता येतात. घरी काय तपासता येईल? आणि स्वतःसाठी स्कॅनर घ्यायचा तर कसा घ्यावा?

लांबचा_प्रवासी:
आधी एक सांगतो, दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जातं आणि तिथे पेटतं. आतली जाळी वितळते. कॉइलपेक्षा ती कितीतरी महाग पडते.

पानापक्कड:
तुमची शंका रास्त आहे. कोड फक्त कुठल्या सिलिंडरमध्ये मिसिंग होतंय तेवढंच सांगतो, कुठला पार्ट गेला ते नाही. क्रँक सेन्सरवरून ईसीयू (इंजिनचा संगणक) क्रँकचा वेग मोजत असतो. एखाद्या सिलिंडरचा पॉवर स्ट्रोक फुकट गेला की तेवढ्यापुरता वेग पडतो, आणि त्यावरून नंबर ठरतो. पी०३०१ म्हणजे पहिला, पी०३०२ म्हणजे दुसरा. पी०३०० म्हणजे एकापेक्षा जास्त सिलिंडरमध्ये किंवा अनियमित मिसिंग. कॉइलच्या वायरिंगचा दोष असेल तर बहुतेक वेळा पी०३५१, पी०३५२ असे वेगळे कोड येतात, इंजेक्टरच्या सर्किटचे पी०२०१ पासून. तुमच्याकडे यातला एकही नाही, हे लक्षात ठेवा.

कोड अजून पुसले नसतील तर पुसू नका. आधी फ्रीझ फ्रेम बघा. कोड पडला तेव्हा आरपीएम, लोड आणि कूलंटचं तापमान किती होतं ते त्यात असतं, आणि कोड पुसले की तेही जातं. एका कागदावर उतरवून घ्या.

मग इंजिन थंड असताना दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करा. बाकी कशाला हात लावायचा नाही. कोड पुसून त्याच चढणीवर हलक्या पायाने जाऊन या. पी०३०३ आला तर कॉइल दोषी. पी०३०२ च राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टरची. एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर काय सुधारलं ते कळणार नाही. सिलिंडरचे नंबर मात्र आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून पक्के करा. बऱ्याच आडव्या इंजिनांत टायमिंग बेल्ट किंवा चेनकडून एक सुरू होतो, पण सगळीकडे तसं नसतं.

तिन्ही फिरवूनही दोन नंबरच हटून बसला तर कॉम्प्रेशन तपासा. ते कमी निघालं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजायचं. वाढलं तर पिस्टनच्या रिंगा, तसंच राहिलं तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

स्कॅनर साधा ब्लूटूथचा चालेल, पण त्यात फ्रीझ फ्रेम, लाइव्ह डेटा आणि मोड ६ दिसलं पाहिजे. ज्या गाड्या ते देतात त्यांत मोड ६ मध्ये सिलिंडरगणिक मिसिंगची संख्या दिसते, दिवा पेटायच्या आधीसुद्धा.

गॅसवाली_गाडी:
आमचा मिस्त्री चालू इंजिनवर एकेक कॉइल उपटून बघतो. आवाज बदलला नाही तर तोच सिलिंडर मेलेला. दोन मिनिटांचं काम आहे की!

पानापक्कड:
ताई, ती जुनी पद्धत आहे, पण मी करत नाही आणि कोणाला करू देत नाही. हजारो व्होल्टचा झटका बसू शकतो, आणि तेवढा वेळ कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. तेच करायचं तर इंजेक्टरचा सॉकेट काढा, निदान पेट्रोल तरी जात नाही. आणि तुमची गाडी गॅसवर असेल तर प्लगकडे जास्त लक्ष द्या. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून कमजोर कॉइल किंवा झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून जातो, गॅसवर उघडा पडतो.

लांबचा_प्रवासी:
पी०३०० सोबत पी०१७१ आला असता तर मी कॉइलला हातही लावला नसता. ते मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असल्याचं लक्षण. आयडलिंगला फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) खूप वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर व्हॅक्यूम लीक, म्हणजे चोरून हवा आत येतेय का ते शोधा. उलट लोडवर वाढत असेल तर पंपाचं प्रेशर.

निवांत_चालक:
अदलाबदल केली, पण गोंधळ वाढला. आता पी०३०२ आणि पी०३०३ दोन्ही आले! ट्रिम ठीक आहेत, दोन-तीन टक्क्यांच्या आत.

पानापक्कड:
हे तर छानच झालं. दोन नंबरचा प्लग बाहेर काढा, त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली पेन्सिलीसारखी काळी रेघ आहे का बघा. आधी दोनवर होती ती, आता तीनवर बसवलेली कॉइल काढून तिच्या रबरी बूटाच्या आतही बघा. आणि दोन नंबरच्या प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात, ऑइल आहे का?

निवांत_चालक:
आहे! रेघ प्लगवर आहे, तशीच बूटाच्या आत आहे, आणि विहिरीत बोटाला लागेल इतकं ऑइल आहे.

पानापक्कड:
मग झालं. ठिणगी प्लगच्या टोकाशी न पडता त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर इंजिनच्या धातूत उतरते. बूट तिसऱ्यावर गेला म्हणून तिथेही मिसिंग, आणि प्लग दुसऱ्यावर राहिला म्हणून तिथलंही गेलं नाही. नुसता प्लग बदलून जुनाच बूट घातलात तर तो नव्या प्लगवरही रेघ ओढेल. प्लग चारही बदला, बूट मात्र मूळच्या दोन नंबरच्या, आता तीनवर असलेल्या कॉइलचा. बूट सुटा मिळत नसेल तर ती एकच कॉइल घ्या. ऑइल व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून आणि विहिरीच्या सीलमधून येतंय, ते आधी बदला. जुने प्लग काढण्यापूर्वी विहिरीतलं ऑइल कापडाने टिपून घ्या, नाहीतर सिलिंडरमध्ये उतरेल. नवे प्लग इंजिन थंड असतानाच बसवा, पहिले आटे हातानेच फिरवा. हेड अॅल्युमिनियमचं असतं, वाकडा आटा लागला तर दुरुस्ती मोठी होते. इंजेक्टरला हात लावू नका.

निवांत_चालक:
गॅस्केट, सील, चार प्लग आणि एक बूट बदलला. त्याच चढणीवर तीनदा जाऊन आलो, आचका नाही. मोड ६ मध्ये दोन नंबरसमोर शून्य दिसतंय. सकाळी थंड इंजिनलाही थरथर नाही. बाकी तिन्ही कॉइल जुन्याच आहेत.