ज्यू इतिहासाच्या वर्गासाठी ऑनलाइन टाइमलाइन: कुठलं साधन घ्यावं?

रविवारचा_वर्ग_ठाणे

नमस्कार मंडळी, शालोम.

ठाण्यात आमच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, मुलांसाठी रविवारी सकाळी ज्यू धर्म आणि इतिहासाचा वर्ग घेते. मुलं 11 ते 15 वयाची, काही मराठी माध्यमाची, काही इंग्रजी. प्रार्थना, सणवार, हिब्रू वाचन हे व्यवस्थित चालतं. गाडी अडते ती काळाच्या हिशेबाशी. मोशे, दावीद राजा, हनुक्का, कोकणात नवगावला फुटलेलं आपल्या पूर्वजांचं गलबत, मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ), सगळंच मुलांच्या लेखी "फार पूर्वी" घडलेलं. मागच्या रविवारी एका मुलीने विचारलं, "रंबाम आपले पूर्वज कोकणात येण्याच्या आधीचे की नंतरचे?" रंबाम म्हणजे थोर ज्यू धर्मपंडित मायमोनिदीस. वर्गात एकमत होईना, आणि तोंडी सांगून भागेल असं मला वाटलं नाही.

या सत्रात मुलांकडूनच ऑनलाइन टाइमलाइन करून घ्यायची आहे. माझ्या गरजा अशा: फुकट किंवा अगदी स्वस्त हवं, मराठी, इंग्रजी आणि हिब्रू तिन्ही लिहिता यायला हवं, इ.स.पू. ची वर्षं चालायला हवीत (एका साधनाने ती घ्यायलाच नकार दिला). शक्य झालं तर हिब्रू सनही दिसावा. वर्गात एक लॅपटॉप आणि प्रोजेक्टर आहे, बाकी सगळं आईवडिलांच्या फोनवर.

ज्यांनी वर्गात वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

न्यूजर्सी_कट्टा

ताई, मी इथल्या एका सिनेगॉगच्या शाळेत सातवीच्या मुलांना मदत करतो. आम्ही टाइमलाइन-जेएस वापरतो. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने केलेलं आहे, पूर्ण फुकट. खातं काढायचं ते फक्त गूगलचं. त्यांची तयार गूगल शीट कॉपी करायची, एका ओळीत एक घटना भरायची, शीट वेबवर प्रकाशित करायची आणि लिंक त्यांच्या पानावर चिकटवायची. झालं.

तुमच्या अटींपुरतं बोलायचं तर वर्षाच्या रकान्यात उणे चिन्ह लावून -586 लिहिलं की ते इ.स.पू. 586 धरतं. तारीख कशी दिसावी यासाठी वेगळा रकाना आहे, तो मात्र आवर्जून वापरा. त्यात हवा तो मजकूर लिहिता येतो, म्हणजे "इ.स. 1796, हिब्रू सन 5556-57" असंही. आतला हिशेब इसवी सनावर चालतो, मुलांना दोन्ही सन दिसतात. सण शिकवताना हे फार उपयोगी पडतं, कारण हिब्रू वर्ष तिश्री महिन्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं. शके माहीत असलेल्या मराठी मुलांना एका घटनेचे दोन सन असणं अवघड जाऊ नये.

20 च्या वर घटना भरू नका, करणाऱ्यांचाच तसा सल्ला आहे. आणि फोनवर बघायला छान असलं तरी फोनवर शीट भरणं त्रासाचं आहे, तेव्हा भरायचं काम लॅपटॉपवर गटागटाने करून घ्या.

अश्दोदची_मावशी

मी इथे इस्रायलमध्ये शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे. लहान वयाच्या मुलांसाठी माझं मत पॅडलेटला. त्यात टाइमलाइनची मांडणी आहे. मुलं फोनवरून चिठ्ठी डकवतात, फोटो लावतात, आवाज रेकॉर्ड करून टाकतात. हिब्रू, मराठी सगळं चालतं. तुम्ही मान्यता दिल्याशिवाय चिठ्ठी कुणाला दिसू नये अशी सोय आहे, ती चालू ठेवा. फुकटच्या खात्यात फलक मोजकेच मिळतात, पण एका वर्गाला तेवढे पुरतात.

एक मोठी उणीव आहे, ती आधी सांगते. पॅडलेट चिठ्ठ्या क्रमाने लावतं, अंतराने नाही. जेरुसलेमच्या पहिल्या मंदिराचा विध्वंस (इ.स.पू. 586) आणि पर्शियाच्या कोरेश राजाने ज्यूंना दिलेली परत जायची परवानगी (इ.स.पू. 538) यांच्यात जेवढी जागा, तेवढीच दुसऱ्या मंदिराचा विध्वंस (इ.स. 70) आणि स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी (1492) यांच्यात. एकीकडे 48 वर्षं, दुसरीकडे 1422! मुलं डोळ्यांनी शिकतात. हे चित्र मनात बसलं तर पुढे काढणं कठीण.

इतिहासवाला_पुणे

मावशींच्या शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. म्हणून माझा आग्रह, पडद्याआधी भिंत. वर्गाच्या एका भिंतीवर सुतळी ताणा, 1 सेंटीमीटर म्हणजे 10 वर्षं. इ.स.पू. 586 पासून 2025 पर्यंत 2610 वर्षं होतात (शून्य वर्ष नसतं, म्हणून एक वजा करायचं), म्हणजे सुतळी 261 सेंटीमीटर. मुंबईचं शआर हारहामीम सिनेगॉग 1796 चं, ते उजव्या टोकापासून जेमतेम 23 सेंटीमीटरवर येतं. इस्रायलची स्थापना 8 सेंटीमीटरवर. हे अंतर मुलांनी स्वतः पट्टीने मोजू दे. मग ऑनलाइन साधन कुठलंही घ्या.

आता साधनापेक्षा महत्त्वाचं. प्रत्येक घटनेला "ही तारीख आपल्याला कुणी सांगितली?" हा प्रश्न जोडा. टाइमलाइन-जेएसमध्ये गटाचा रकाना आहे, एका गटाच्या घटना खाली एका पट्टीत येतात. माझ्या मते तुमच्या वर्गाला तीन पट्ट्या हव्यात: परंपरा, कागदपत्र, इतिहासकारांचा अंदाज. या एका सोयीसाठी मी हे साधन इतरांच्या वर ठेवीन. त्रिमितीत दिसणारी टिकी-टोकीसारखी साधनं देखणी आहेत, पण मुलांचं सगळं लक्ष देखाव्याकडे जातं.

उदाहरण बेने इस्रायलांच्याच घरातलं घ्या, डेव्हिड रहाबींचं. परंपरा सांगते की रहाबी कोकणात आले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे तेली ज्यू आहेत का याची त्यांना खात्री करायची होती. त्यांनी बायकांना वेगवेगळे मासे रांधायला दिले. बायकांनी पर आणि खवले नसलेले, म्हणजे ज्यूंना वर्ज्य असलेले, मासे बाजूला काढले, आणि रहाबींची खात्री पटली. मग त्यांनी काही तरुणांना धर्मविधी शिकवले, तेच पुढे काझी, म्हणजे धर्मविधी चालवणारे, झाले. गोष्ट ठाण्यातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असेल. पण ती घडली कधी? कुणी इ.स. 1000 च्या आसपास म्हणतं, कुणी 1400 च्या. कोचीनला डच कंपनीशी व्यापार करणारे डेव्हिड इझिकेल रहाबी 18व्या शतकातले, हेच ते असंही अभ्यासक म्हणतात.

मुलांना तीन गटांत वाटा, तिघांनी रहाबींना तीन जागी बसवायचं आणि आपली बाजू मांडायची. जवळपासच्या घटना त्यांना पुरावा म्हणून वापरू द्या. रंबाम (1138 ते 1204) यांच्या 1200 च्या सुमाराच्या पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंना शब्बाथ (शनिवारची विश्रांती) आणि सुंता याखेरीज तोरातलं, म्हणजे धर्मग्रंथातलं, काही ठाऊक नाही, अशा अर्थाचं वाक्य आहे. ते कोकणातल्या लोकांबद्दल असेल, तर 1000 सालवाल्या गटाला रहाबींच्या शिकवणीचं काय झालं हे सांगावं लागेल. त्याच 12व्या शतकात ट्युनिशियाचा व्यापारी अब्राहम बेन यिजू मंगळूरला ब्राँझच्या भांड्यांचा कारखाना चालवत होता, त्याची पत्रं कैरोच्या गनिझात, म्हणजे सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या कोठीत, सापडली. म्हणजे या किनाऱ्यावर ज्यूंची ये-जा होती, याला कागद आहे. आणि बेने इस्रायलांचा उल्लेख 1738 च्या एका डॅनिश मिशनऱ्याच्या पत्रात येतो. एवढ्या चार-पाच नोंदींवर एक अख्खा रविवार जाईल, आणि तो सत्कारणी लागेल.

रविवारचा_वर्ग_ठाणे

सर, मनापासून आभार. रहाबींचा धडा नक्की घेणार. यातून माझी जुनी अडचण वर आली. मुलांनी पुस्तकात वाचलं की पहिलं मंदिर इ.स.पू. 586 मध्ये पाडलं. पण पारंपरिक हिब्रू सनाने मोजलं की इ.स.पू. 422-421 येतं. मुलं विचारतात खरं कुठलं. टाइमलाइनवर काय लिहू?

न्यूजर्सी_कट्टा

दोन्ही लिहा, दोन पट्ट्यांत. इथल्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) वर्गात हे फार छान समजावलं होतं, त्यांची रीत सांगतो. पारंपरिक हिशेब 'सेदेर ओलाम' या ग्रंथावरून येतो. त्यात दुसरं मंदिर 420 वर्षं उभं होतं असं धरलंय. इतिहासकारांच्या मते ते इ.स.पू. 516 ते इ.स. 70, म्हणजे 585 वर्षं. फरक 165 वर्षांचा, आणि तो बहुतेक सगळा पर्शियन राजवटीच्या काळात आहे. परंपरेने तो काळ आखूड धरलाय. मुलांनी ही वजाबाकी स्वतः केली की "खरं कुठलं" याच्या पुढचा प्रश्न येतो: दोन्ही हिशेब कशावरून केले? त्यावर बोलता येतं. मूळ वचनं दाखवायला सेफारिया हे फुकट ऑनलाइन ग्रंथालय आहे, हिब्रू आणि इंग्रजी शेजारी शेजारी. त्याची लिंक घटनेच्या मजकुरात देता येते.

पेणचे_आजोबा

हा धागा आवडीने वाचतोय. पण एक काळजी बोलून दाखवतो. नवगावच्या किनाऱ्यावर सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं, हे आम्ही आजीच्या मांडीवर ऐकलं. बेने इस्रायलांचा इतिहास लिहिणाऱ्या केहिमकरांनी ते इ.स.पू. 175 चं मानलं. उद्या माझ्या नातवाने त्यापुढे "अंदाज" लिहिलेलं वाचलं, तर त्याला वाटेल घरचे लोक उगीच काही सांगत होते. 11 वर्षांच्या मुलांना एवढ्या लवकर शंका शिकवायची गरज आहे का?

अश्दोदची_मावशी

आजोबा, तुमचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. आम्ही इथे आलो तेव्हा आमचं ज्यूपणच लोकांनी तपासायला काढलं होतं. लग्न लावायला रब्बींनी अडवणूक केली, लोकांना जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं, आणि 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यूच आहेत. ज्यांनी हे सोसलं त्यांच्या नातवंडांनी पुराव्याची भाषा शिकायलाच हवी. कुणी विचारलं तर "आजी म्हणाली" यापुढेही त्यांना बोलता आलं पाहिजे.

केहिमकरांनी तरी दुसरं काय केलं? त्यांचं म्हणणं असं की कोकणातले आपले लोक हनुक्का पाळत नव्हते, म्हणजे हा सण ज्याची आठवण आहे त्या मक्काबींच्या (ज्यू बंडखोरांच्या) विजयाच्या आधी, इ.स.पू. 164 पूर्वी, देश सोडून निघाले असणार. हा तर्क आहे, आणि तो मुलांना समजतो. टाइमलाइनवर हनुक्का आणि नवगाव शेजारी ठेवले की तर्क डोळ्यांसमोर उभा राहतो. मग त्याच्या विरुद्ध काय म्हणता येईल तेही मुलं शोधतील. सण राहून जायला दुसरं कारण असू शकतं का, हे कुणीतरी विचारेलच.

आणि परंपरेची पट्टी सगळ्यात वर ठेवा. तिला कमी मान आहे असं दिसता कामा नये.

इतिहासवाला_पुणे

मावशींना अनुमोदन. आजोबा, तुमची आठवण हासुद्धा पुरावाच आहे, फक्त तिचाही ठावठिकाणा लिहायचा: कुणी सांगितली, कुठल्या गावात, साधारण कधी. मुलांनी आजी-आजोबांना फोनवर रेकॉर्ड करावं आणि ती ध्वनिफीत घटनेला जोडावी. टाइमलाइन-जेएसला यूट्यूब आणि साउंडक्लाउडच्या लिंक चालतात. जोडीला आडनावाचं गाव: केहिमकरांचं केहीम, दिवेकरांचं दिवे, रोहेकरांचं रोहा. गूगल नकाशाची लिंक त्याच रकान्यात टाकली की गाव दिसतं.

चित्रांसाठी एक सुचवतो. 1874 मध्ये पुण्यात मराठी अनुवादासह हगादा (पेसाह सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) छापला गेला. त्यात पेसाहसाठी मात्झा (बिनखमिराची पोळी) करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या दाखवल्या आहेत. ते चित्र मुलांपुढे ठेवा आणि नुसतं पाहू द्या: कोण पीठ मळतंय, कोण लाटतंय, कोण भाजतंय. तारखेसकट छापलेला, हातात घेता येणारा पुरावा म्हणजे काय हे त्यांना लगेच कळतं.

पेणचे_आजोबा

असं असेल तर माझी हरकत नाही. आमच्या घरी बिरड्याच्या रोजाला काय काय चालायचं ते मी स्वतः रेकॉर्ड करून देतो. मंदिरं पडल्याचा तो उपास, म्हणजे तुमच्या 586 आणि 70 दोन्हींशी जोडता येईल.

रविवारचा_वर्ग_ठाणे

आजोबा, जरूर द्या, मुलं आनंदाने ऐकतील.

सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय: पहिल्यांदा सुतळी, मग पॅडलेटवर मुलांनी माहिती गोळा करायची, आणि त्यातून निवडलेल्या घटना टाइमलाइन-जेएसमध्ये. तिथेही दोन वेगळ्या टाइमलाइन करणार, एक प्राचीन काळापासून 1492 पर्यंत आणि दुसरी कोकण-मुंबईची, नाहीतर 1796 नंतरचं सगळं एका कोपऱ्यात दाटी करेल. दोन शंका उरल्या. हिब्रू आणि मराठी एका ओळीत लिहिलं की आकडे आणि विरामचिन्हं इकडची तिकडे जातात, त्याला काय करायचं? आणि शीट वेबवर प्रकाशित करायची म्हणजे ती कुणालाही दिसणार ना?

न्यूजर्सी_कट्टा

हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते म्हणून तसं होतं. सोपा उपाय, हिब्रू शब्द स्वतंत्र ओळीवर लिहा आणि त्या ओळीत आकडा किंवा कंस ठेवू नका. मथळा मराठीत, हिब्रू खाली मजकुरात.

हो, प्रकाशित केलेली शीट लिंक मिळालेल्या कुणालाही दिसते. म्हणून मुलांची नावं, चेहऱ्यांचे फोटो, वर्गाची वेळ आणि पत्ता यातलं काही त्यात नको. खाली "गट 1", "गट 2" एवढंच पुरे. सिनेगॉगच्या आतले फोटो टाकण्याआधी तिथल्या विश्वस्तांना विचारा, हल्ली सुरक्षेसाठी ते काळजी घेतात. आजी-आजोबांच्या ध्वनिफितीही यूट्यूबवर असूचीबद्ध ठेवा, शोधात येत नाहीत.

अश्दोदची_मावशी

अजून एक. काम जमा करायची मुदत शनिवारी ठेवू नका. शब्बाथ पाळणाऱ्या घरातली मुलं शुक्रवारी सूर्यास्तापासून फोनला हात लावणार नाहीत, आणि रविवारी सकाळी वर्ग म्हटल्यावर त्यांना शनिवारची रात्रच उरेल. गुरुवार संध्याकाळ ठेवा, म्हणजे शुक्रवारी दुपारपर्यंत तुम्हालाही तपासून मान्यता देता येईल.