पाळणाघरात जंताची गोळी देऊनही खाज परत येते, नेमकं कुठून येतंय?

ऐरोली_पाळणाघर
ऐरोलीतल्या पाळणाघरासाठी विचारते आहे. मुलं दीड ते सहा वर्षांची. दुपारचं जेवण इथंच शिजतं, झोपही इथंच. चार मुलांना रात्री शीच्या जागी खाज सुटते, झोपेत सारखी चुळबुळ असते, असं पालक सांगतात. यातल्या तिघांना ऑगस्टच्या मोहिमेत जंताची गोळी मिळालेली आहे. दोघांची स्टूल टेस्ट केली, त्यात काही आलं नाही. पाणी आरओचं.

पालकांच्या ग्रुपवर रोज नवा आरोपी उभा राहतो: कोबी-फ्लॉवर, पालेभाजी, सोसायटीच्या बागेतला वाळूचा खड्डा, भटकी कुत्री, आता तर स्वयंपाकाच्या मावशी. यातलं कुठलं कुठल्या जंताबाबत खरं आहे आणि पाळणाघरात मी काय बदलू? "स्वच्छता ठेवा" एवढंच उत्तर नको, कृती सांगा.

काचपट्टी
ताई, स्टूल टेस्ट नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होऊ नका. तुम्ही सांगताय ती लक्षणं पिनवर्मची आहेत आणि पिनवर्म शीच्या नमुन्यात शोधायचा जंत नव्हे. मादी ८ ते १३ मिमी, पांढरी, सुताच्या तुकड्यासारखी. मूल झोपलं की ती गुदद्वारातून बाहेर येते आणि भोवतालच्या कातडीवर हजारो अंडी चिकटवून मरते. खाज त्याचीच. अंडी आतड्यात घातलीच जात नाहीत, त्यामुळे लागण असूनही शंभरातल्या पाच-पंधरा नमुन्यांतच ती शीत सापडतात.

सेलोटेपची तपासणी करा. मूल उठायच्या आत, पहाटे. शी, शू, अंघोळ यांतलं काहीही व्हायच्या आधी. टेप साधी पारदर्शक हवी. लिहिता येते ती दुधी टेप मायक्रोस्कोपखाली निकामी. सात-आठ सेंटिमीटरचा तुकडा आइस्क्रीमच्या चपट्या काडीच्या टोकावर चिकट बाजू बाहेर येईल असा धरा. नितंब बाजूला करून गुदद्वाराच्या कडेला तीन-चार ठिकाणी दाबा. घासू नका आणि आतही घालू नका. मग तीच टेप चिकट बाजू खाली करून काचपट्टीवर सपाट बसवा. सुरकुती पडली की हवेचे बुडबुडे अडकतात आणि पाहणारा फसतो. नाव-तारीख लिहा, पट्टी पिशवीत घाला, नंतर हात साबणाने नखांसकट धुवा. काचपट्ट्या लॅबवाले देतात, आधी फोन करून "पिनवर्मसाठी टेप" असं स्पष्ट सांगा, नाहीतर हातात परत शीची डबीच मिळेल.

हे सलग तीन सकाळी करायचं. एकदाच केलं तर निम्म्या लागणी हुकतात, तीनदा केलं की साधारण नव्वद टक्के सापडतात. अंडं ५० ते ६० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब, एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर. एकदा पाहिलं की परत ओळखायला चूक होत नाही.

बालरोग_पाचपाखाडी
वरचं सगळं बरोबर. गोळी का फसली ते सांगतो.

मोहिमेतली गोळी म्हणजे अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ. १ ते २ वर्षांच्या मुलाला अर्धी, चुरून पाण्यातून. २ वर्षांपुढे पूर्ण, चावून. तीन वर्षांखालच्या मुलाला पूर्ण गोळीही चुरूनच द्या, घशात अडकायची भीती असते. ती मोहीम, म्हणजे राष्ट्रीय जंतनाशक दिन, २०१५ पासून सुरू आहे. तो मुळात मातीतून येणाऱ्या जंतांसाठी आखला आहे आणि त्या कामी उत्तमच आहे. पण गोळी आज आतड्यात असलेल्या जंतांवर चालते. ती लस नाही. पुढे सहा महिने संरक्षण मिळतं हा समज ग्रुपवरून आधी काढा.

पिनवर्मची अंडी कातडीवर पडल्यापासून ४ ते ६ तासांत लागण करण्याजोगी होतात आणि घरात, चादरीवर, खेळण्यांवर दोन-तीन आठवडे टिकू शकतात. मूल खाजवतं, अंडी नखाखाली जातात, बोट तोंडात जातं, की झालं चक्र पूर्ण. माती, भाजी, पाणी कशाचीच गरज नाही. त्यामुळे तुमचा आरओ इथे निर्दोष आहे आणि बिनकामाचाही.

म्हणून दोन गोष्टी एकत्र हव्यात. डोस दोन आठवड्यांनी पुन्हा द्यायचा, कारण अंडी आणि कोवळ्या अळ्या पहिल्या डोसातून सुटतात. आणि एका मुलाला नव्हे, त्याच्या घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. पाळणाघरातही बाधित मुलं, त्यांचे घरचे, तुम्ही आणि तुमच्या मदतनीस यांची तारीख एकच धरा. गरोदर बाई असेल, घरात कुणाला फिट येत असतील, किंवा मूल वर्षाच्या आतलं असेल तर गोळी परस्पर देऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. गोळीनंतर महिन्या-दीड महिन्याने खाज परतली तर ती बहुधा नवी लागण, औषध निकामी झालं असं नव्हे.

पाळणाघरात हे बदला. झोपायची चटई आणि चादर प्रत्येकाची वेगळी, नाव घालून. चादर गोळा करताना झटकायची नाही. गुंडाळून थेट बादलीत, गरम पाण्यात. केरसुणीने केर उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. मुलांची अंघोळ पालकांनी संध्याकाळी घालू नये, सकाळी उठल्याबरोबर घालावी. रात्रभरात पडलेली अंडी तेव्हाच निघून जातात. टबात बसवून नको, तांब्याने किंवा शॉवरखाली. रात्री घट्ट चड्डी, सकाळी लगेच बदल. नखं आठवड्याला कापा. मूल घरी बसवायची गरज नाही. पहिला डोस, अंघोळ, नखं झाली की दुसऱ्या दिवशी येऊ द्या.

आणि हो, गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत, झोपेत दात खाणं हे जंताचं लक्षण नाही. दोन्ही गोष्टी आज्या सांगतात म्हणून आया मुलांचा गूळ बंद करतात. किरमाणी ओव्यात सँटोनिन असतं, ते एके काळी खरंखुरं जंताचं औषध होतं, पण विषारी. दृष्टी पिवळी व्हायची. सुरक्षित गोळ्या मिळू लागल्यावर ते मागे पडलं. आता काढे पाजू नका.

मळा_कळवा
भाजीबद्दल मी सांगतो. भाजीवाटे येतो तो मोठा जंत, गोलकृमी. त्याची मादी वीतभर किंवा जास्त लांब आणि दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. पण ताज्या शीतलं अंडं लागण करत नाही. ओल्या, सावलीच्या मातीत त्याला दोन-तीन आठवडे मुरावं लागतं. म्हणजे माणसाच्या शीने दूषित झालेलं पाणी किंवा माती भाजीपर्यंत पोचावी लागते. कळवा-दिवा पट्ट्यात रुळालगत पालक, माठ, मुळा पिकतो. तिथे नाल्याचं पाणी थेट वाफ्यात सोडलं तर धोका खरा आहे. सांडपाणी शेतीला वापरायचं तर लिटरमागे एकापेक्षा जास्त अंडं नको, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. अंडी पाण्यापेक्षा जड असल्यामुळे पाणी तळ्यात आठ-दहा दिवस साठवून वरचं घेतलं तर बरीचशी खाली बसतात. थेट पंपाने उपसणाऱ्याकडे हे कुठून होणार!

वेलावरची भाजी, म्हणजे दुधी, पडवळ, त्यातल्या त्यात सुरक्षित. मातीला टेकणारी कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर सांभाळून घ्यायची. बाजारात हिरव्यागार दिसण्यासाठी जुड्यांवर पाणी मारतात, ते कुठलं हे ग्राहकाला कळत नाही. म्हणून धुणं तुमच्याच हातात.

आधी जुडी सोडा, मुळं आणि मातीचे देठ कापून टाका. मोठ्या परातीत किंवा टबात भरपूर पाणी घ्या, पानं सुटी करून हाताने हलवा, दोन मिनिटं थांबा. आता पानं वर उचलून रोवळीत काढा. टब रोवळीत ओतायचा नाही. तळाला बसलेली माती आणि अंडी तुम्ही पुन्हा पानांवर ओतता, ही चूक बहुतेक घरांत होते. पाणी फेकून हेच तीनदा, तळाशी रेती दिसेनाशी होईपर्यंत. शेवटी वाहत्या नळाखाली. अंड्याचा वरचा थर चिकट असतो, नुसतं बुडवून ते सुटत नाही, हाताने चोळावं लागतं. मुलांना कच्ची कोथिंबीर वरून भुरभुरण्यापेक्षा फोडणीत घाला. शिजलं की प्रश्न संपला.

काचपट्टी
@मळा_कळवा, यात एक जोडतो, कारण पुढचा प्रश्न "मिठाच्या पाण्यात ठेवू का" हाच येणार. मिठाच्या पाण्याने कोबीतली हिरवी अळी बाहेर येते, एवढंच. जंताची अंडी मिठाने मरत नाहीत. लॅबमध्ये आम्ही मिठाच्या संपृक्त द्रावणातच अंडी तरंगवून वर गोळा करतो आणि तपासतो! व्हिनेगर, पोटॅशियम परमँगनेट, नळातलं क्लोरीन यांचाही गोलकृमीच्या अंड्यावर भरवसा नाही. ६० अंशांच्या वर उष्णता मात्र लगेच काम करते.

कोबीतला किडा मेंदूत जातो अशी भीती असते, पण ती अळी पतंगाची असते. ती टेपवर्म (फितीसारखा चपटा जंत) नव्हे, पोटात गेली तर पचते. मेंदूत जाणारी गोष्ट वेगळी आणि डोळ्यांना दिसतच नाही: टेपवर्मचं अंडं जेमतेम ३० ते ३५ मायक्रॉनचं. ते कोबीच्या पानावर असू शकतं, तसं कोथिंबिरीवर आणि माणसाच्या हातावरही.

व्हेट_वाशी
वाळूच्या खड्ड्याबद्दल. कुत्र्याचा गोलकृमी, टॉक्सोकारा, हा खरा मुद्दा, विशेषतः पिल्लांचा, कारण आईच्या पोटातच त्यांना लागण होते. इथेही ताज्या शीतलं अंडं निरुपद्रवी, त्याला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून घाण त्याच दिवशी उचलली तर धोका जवळजवळ उरत नाही. फिनेल ओतून काही होत नाही, अंडी त्याला दाद देत नाहीत. खड्डा वापरात नसताना ताडपत्रीने झाका, कडेला विटा ठेवा. सोसायटीत पिल्लं असतील तर दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात त्यांना जंताचं औषध द्या.

पण लक्षात घ्या, टॉक्सोकारा माणसात मोठा होत नाही. अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यात भटकतात. गुदद्वाराला खाज येत नाही आणि शीत अंडी येत नाहीत. तुमच्या चार मुलांचा त्याच्याशी संबंध नाही. ओल्या वाळूत अनवाणी खेळलेल्या मुलाच्या पायावर लाल, नागमोडी, रोज पुढे सरकणारी रेघ दिसली तर ती कुत्र्याच्या अंकुशकृमीची (हुकवर्मची) अळी. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, खाजवू देऊ नका.

माणसाचा अंकुशकृमीही पायाच्या कातडीतूनच शिरतो. शहापूर-मुरबाडकडे उघड्यावर शौच होत असलेल्या बांधावर अनवाणी चालणाऱ्याला त्याची भीती जास्त. या जंताने आधी रक्त कमी होतं, पोटदुखीने कुणी दवाखान्यात येत नाही.

ऐरोली_पाळणाघर
खूप मदत झाली. टेपची तपासणी चौघांच्याही पालकांना सांगते. राहिला मावशींचा प्रश्न. त्या मांसाहारी आहेत म्हणून दोन पालक म्हणतात, टेपवर्म त्यांच्याकडूनच. त्यांची टेस्ट मागणं योग्य आहे का?

बालरोग_पाचपाखाडी
एकट्या मावशींची मागू नका. स्वयंपाक करणाऱ्या आणि जेवण वाढणाऱ्या सगळ्यांची मागा, तुमचीही.

अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस खाल्लं तर त्यातल्या अळीच्या गाठीतून आतड्यात टेपवर्म वाढतो. तो बाळगणारा माणूस शीतून अंडी टाकतो आणि ही अंडी बाहेर पडताक्षणी लागण करू शकतात. गोलकृमीसारखी मातीत मुरावी लागत नाहीत. त्याने हात नीट न धुता पीठ मळलं किंवा चटणी वाटली, की ती खाणाऱ्याच्या शरीरात, कधी मेंदूत, गाठी होतात आणि फिट येऊ लागतात. जन्मात मांस न खाल्लेल्या माणसालाही मेंदूतल्या गाठी होतात त्या अशाच. त्यामुळे 'मांसाहारी' या शब्दावरून माणूस निवडून काही उपयोग नाही. मासे, कोंबडी, मटण यांतून हा टेपवर्म येतच नाही.

विचारायचं ते एवढं: शीबरोबर चपटे, पांढरे, सेंटिमीटरभर लांबीचे तुकडे कधी दिसले का? हो म्हटलं तर तपासणीआधी परस्पर गोळी देऊ नका. मेंदूत आधीच गाठी असतील तर औषधाने फिट येऊ शकते, आणि औषधही वेगळं लागतं. तुकडे दिसले नसतील तर वेगवेगळ्या दिवसांचे तीन शीचे नमुने पुरेत. रोजच्यासाठी एकच नियम, शौचालयातून आल्यावर आणि कणीक मळण्याआधी साबण, किमान वीस सेकंद, नखांच्या खाली ब्रश. अंगठ्या काढून.

टेप पॉझिटिव्ह आली की डोस शनिवारी रात्री ठेवा. रविवारी पाळणाघर बंद असतं, तेव्हा सगळ्या चादरी, अभ्रे, कापडी खेळणी एकदम गरम पाण्यात जातील. प्लास्टिकची खेळणी साबणाच्या पाण्याने. दुसरा डोस त्यापुढच्या तिसऱ्या शनिवारवर ढकलू नका, दुसराच शनिवार धरा, आणि त्या रविवारी पुन्हा तीच धुलाई.

काचपट्टी
टेपच्या पट्ट्या त्याच दिवशी लॅबला द्या, आणि नावाचं लेबल टेपवर लावू नका, काचेच्या टोकाला लावा. नेमकी तीच जागा मायक्रोस्कोपखाली पाहायची असते.