मदत हवी आहे : खोलवरचा संकेत खणावा की तिथेच थांबावे?

इंग्लंडमधील सफोक येथे जमीनमालकाच्या लेखी परवानगीने मी मेटल डिटेक्टरने शोध घेतो. काल कुरणात स्पष्ट संकेत मिळाल्यावर गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूवर उलटला आणि माती ताडपत्रीवर काढली. परंतु पिनपॉइंटर (वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) तळाशीच वाजत राहिला व तिथली माती घट्ट, वेगळ्या रंगाची दिसू लागली, म्हणून खोदणे थांबवून खड्डा नीट बुजवला. नांगराच्या थराखालील वस्तू मूळ जागी असू शकते आणि तो संदर्भ (वस्तू कुठे, कोणत्या थरात होती ही माहिती) एकदा मोडला की परत मिळत नाही, ही मला खरी काळजी आहे. 1996 च्या ट्रेझर कायद्यानुसार (जुन्या मौल्यवान ठेवींबाबतचा कायदा) अशी ठेव सापडल्यास 14 दिवसांत कॉरोनरला (तिची चौकशी करणारा अधिकारी) कळवण्याचा नियम ठाऊक आहे. पण वस्तू दिसण्याआधीच फाइंड्स लायझन ऑफिसरना (सापडलेल्या पुरातन वस्तूंची नोंद करणारे स्थानिक अधिकारी) बोलवावे का? तसेच, ओल्या चिकणमातीतून नाणे ओरखडा न उठता सोडवण्यासाठी आपण काय वापरता?