मदत हवी: चित्राचं वर्णन जमतं, विश्लेषण जमत नाही

नमस्कार मंडळी,

नोकरी सांभाळून यंदापासून कलेच्या इतिहासाचा अभ्यास सुरू केला आहे. सनावळ्या, घराणी, चित्रकारांची नावं पाठ होतात. चित्रासमोर उभी राहिले की मात्र अडते. जाणकारांनी वाट दाखवावी ही विनंती.

उदाहरण एकच देते, म्हणजे घोळ कळेल. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं. आमच्या घरी त्याची छापील प्रत होती आणि लहानपणापासून आम्ही सगळे ते राजा रविवर्म्याचं म्हणूनच ओळखत होतो. साडीतली देखणी बाई दिसली की रविवर्मा, इतकाच हिशोब. रविवर्मा १९०६ साली गेले आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं, हळदणकरांनी आपल्या मुलीला समोर उभं करून रंगवलेलं, हे मला गेल्या वर्षी कळलं. त्याहून मोठा धक्का म्हणजे ते तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे.

मग मुद्दाम मैसूरला गेले. बराच वेळ समोर उभी होते. ज्योत दिसतच नाही, ती तळहाताआड आहे. तरी सगळा उजेड तिथूनच येतोय हे क्षणात कळतं, कारण बोटांच्या कडा लालसर तापल्यासारख्या दिसतात. आपण लहानपणी टॉर्चवर हात ठेवायचो तेव्हा दिसायच्या ना, अगदी तशा. चेहऱ्यावर उजेड खालून चढतो आणि मागच्या भिंतीवर तिची सावली पसरते. जलरंगात गडदावर पुन्हा उजळ चढवणं किती अवघड, हे थोडंफार वाचलं आहे. म्हणजे उजेड कुठे राहणार हे त्यांनी गडद वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर) टाकण्याआधीच ठरवलं असणार. हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला.

हे सगळं दोन पानं भरून लिहून काढलं. आमच्या शिक्षकांनी वाचून शेरा दिला: "वर्णन चांगलं आहे. विश्लेषण कुठे?" त्यांचं बरोबरच असणार. पण या दोन्हींमधली रेघ नेमकी कुठे ओढायची, हेच मला उमगत नाही. ज्योत लपवली आहे ही नोंद झाली. ती लपवल्यामुळे आपली नजर हातावरून चेहऱ्याकडे जाते, असं म्हटलं तर ते विश्लेषण होतं, की तो माझा अंदाज?

दुसरं असं की नावाची पाटी झाकली असती तर हे रविवर्म्याचं नाही हे मला निव्वळ बघून ओळखता आलं असतं का? कशावरून? रंगाचा पातळपणा छापील प्रतीत मरून जातो, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर कळलं. मग जी चित्रं मला फक्त पुस्तकातच बघायला मिळणार, त्यांच्याबद्दल कितपत ठामपणे लिहावं?

आणि मुलीची गोष्ट. ती कळल्यापासून मला त्या चेहऱ्यात बापाची माया दिसते. आधी दिसत नव्हती. अशी माहिती विश्लेषणात घ्यायची की बाजूला ठेवायची?

डिसेंबरात अजिंठ्याला जायचं ठरतंय. १८७२ पासून मुंबईच्या जेजे कलाशाळेचे विद्यार्थी आपले शिक्षक ग्रिफिथ्स साहेब यांच्या हाताखाली तिथे वर्षानुवर्षं प्रतिकृती करत होते, म्हणजे हाताने काढत काढतच त्यांचा डोळा तयार झाला असेल. मला चित्रकला येत नाही. तरी वहीत वेड्यावाकड्या रेषा ओढून फायदा होईल का? पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्रासमोर जेमतेम काही मिनिटं मिळतील, तर आधी काय बघू: रेषा, रंग की आजूबाजूच्या आकृत्या? सतरावं लेणं त्याच दिवशी करावं की दुसऱ्या दिवसासाठी ठेवावं?

तुम्ही स्वतः एखादं चित्र कसं वाचता, ते एका चित्राच्या आधारे लिहिलंत तरी फार उपयोग होईल. हळदणकरांचंच घेतलंत तर सोन्याहून पिवळं. माझी दोन पानं टंकून इथे टाकायला तयार आहे, मोकळेपणाने चुका काढा.