बरं होण्याचे दिवस: राग, माफी, देव आणि तुमचे अनुभव

सोनचाफा_वसई

परवा मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) फादरांनी सांगितलं, गेल्या वर्षीच्या झावळ्या घरात असतील तर आणून द्या, राखेच्या बुधवारी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) कपाळाला लावायची राख त्यांचीच करायची आहे. दर वर्षी सांगतात. घरी येऊन स्टुलावर चढले, येशूच्या फोटोमागे हात घातला तर दोन लागल्या. एक गेल्या वर्षीची. दुसरी पप्पांनी विणलेला क्रूस, पार तपकिरी, धरला तर बोटांना भुगा. पप्पांना जाऊन सहा वर्षं झाली. स्टुलावरच उभी राहिले किती तरी वेळ.

झावळ्यांच्या रविवारी पप्पा आळीतल्या सगळ्या पोरांना क्रूस, पोपट, भिंगऱ्या विणून द्यायचे. त्याच हातांनी रात्री... असो. दारू. ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा पापनिवेदनात म्हणाले, मला बापाचा राग येतो. पलीकडून लगेच 'सत्तर गुणिले सात', म्हणजे येशूने सांगितलंय तितक्या वेळा माफ कर. मग मी बारा वर्षं माफ करत होते. रविवारी माफ, सोमवारी दात घासताना परत तोच राग. वाटायचं, आपली श्रद्धाच कच्ची. शेवटी समुपदेशक बाईंकडे गेले, तेही घरी 'दातांच्या डॉक्टरकडे' सांगून (दीड वर्ष दात दुखत होता माझा!). बाई हिंदू, पण त्यांनीच विचारलं, "तुमच्या बायबलात देवावर कोणी चिडत नाही का?" शोधलं. स्तोत्र ८८ सापडलं. बाकीची रडणारी स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे अंधारातच संपतं. आणि कोणी ते गाळलेलं नाही! मोठ्याने दोनदा वाचलं. रडले नाही, झोपले. कित्येक वर्षांनी गाढ.

बरी झालेय का? अर्धीमुर्धी. तुमचं कसं झालं ते लिहा. उपदेश नको. आणि पप्पांची झावळी द्यायची की ठेवायची, तेही सांगा.

पाटावरवंटा

पहिली मी! सविस्तर नंतर, कुकर लावलाय.

नगरची_लेक

आमच्याकडे राख नसते, आम्ही अमेरिकन मराठी मिशनवाले, प्रोटेस्टंट. पण महिला संघ आहे, तो पुरतो :) दुसरं बाळ पाचव्या महिन्यात गेलं तेव्हा सगळ्या प्रार्थनेला आल्या. देवाची इच्छा, देवाला फूल हवं होतं, अजून वय आहे तुझं. सगळं झालं. मंडळीतली एकच म्हातारी मावशी काही बोलली नाही. फ्रीजमधली मेथी काढली आणि माझ्यासमोर मांडी घालून निवडत बसली. देठ इकडे, पानं तिकडे. जाताना म्हणाली, "कोवळी हाय, आजच कर. उद्या पिवळी पडंल." त्या दिवशीच्या प्रार्थनेतलं एक वाक्य मला आठवत नाही, मेथी आठवते.

आठ महिने चर्चला गेले नाही. पाळकबाईंचे फोन कट करायचे. परत गेले ती गाण्यासाठी. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं पद चालू होतं, पहिल्या कडव्याला तोंड उघडलं नाही, तिसऱ्याला आपोआप उघडलं. एवढंच. देवाशी पूर्ण बोलणं अजून नाही, गाण्यापुरतं आहे.

वाचनवेडा

टिळकांचं नाव निघालंच म्हणून. त्यांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली, पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्या माउलीने काय काय सोसलं! आपल्याला मात्र एका शिबिरात सगळं बरं व्हायला हवं असतं.

एक_दिवस_रोज

ताई, मी दुसऱ्या बाजूचा. तुमच्या पप्पांच्या. ९ वर्षं ४ महिने झाले, थेंब नाही. आमची ए.ए.ची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भरते. तिथल्या बारा पायऱ्यांपैकी आठव्या पायरीत यादी करायची, ज्यांना ज्यांना दुखावलं त्यांची. माझं पहिलं नाव मुलीचं. नवव्या पायरीला तिच्यासमोर बसलो, म्हणालो, चुकलो गं. ती म्हणाली, "बरं." आणि कपडे वाळत घालायला गेली.

मला वाटलं होतं गळ्यात पडेल. बायबलातल्या उधळ्या पुत्राला घरी परतल्यावर बापाने केलं तसं, अंगठी, वासरू, सगळं. स्पॉन्सरला (गटातल्या माझ्या जुन्या सोबत्याला) सांगितलं तर तो हसायलाच लागला. "अरे, त्या गोष्टीत घर सोडून जातो तो पोरगा. बाप नाही. तू उलटीच गोष्ट धरून बसलायस."

तीन वर्षांनी एकदा तिने विचारलं, "डॅडी, चहा टाकू?" माफ केलं का ते मी विचारलेलं नाही. ते विचारायचा हक्क माझा नाही.

झावळी ठेवा हो.

पाटावरवंटा

एक_दिवस_रोज दादा, किती शिट्ट्या झाल्या कळलंच नाही. भाताची पेज झाली तुमच्यामुळे.

मसाल्याचा_डबा

अवांतर: झावळी कशाची, नारळाची ना? आमच्याकडे हिरवी आणतात, ती विणताना मोडते.

सोनचाफा_वसई

नारळाचीच, पण गाभ्यातली. पिवळट पांढरी. हिरवीच्या वाटेला जाऊ नका. (आणि पेज आजाऱ्याला बरी असते, पाटावरवंटा :) )

स्पष्ट_बोलू_का

सगळ्यांबद्दल आदर आहे, पण क्षमा ही आज्ञा आहे, भावना नव्हे. मनात येईपर्यंत थांबलो तर कोणीच कोणाला माफ करणार नाही. मी सख्ख्या भावाला जमिनीच्या वादानंतर दातओठ खात माफ केलं, प्रेम नंतर आलं.

सोनचाफा_वसई

तुमचं भावाशी होतं, दोघं बरोबरीचे. मी आठ वर्षांची होते. आणि उपदेश नको म्हटलं होतं.

स्पष्ट_बोलू_का

मान्य. चुकलं.

बुधवारची_गर्दी

मी ख्रिस्ती नाही, चालेल ना? घटस्फोटाच्या वर्षी ऑफिसातली मैत्रीण माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेनाला (नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला) घेऊन गेली. नऊ बुधवार. बाहेर मेणाची घरं, बाळं, हात, पाय मिळतात, जे मागायचं ते न्यायचं. मी तिथेच अडकले. घर घ्यावं तर घरातूनच बाहेर पडले होते. बाळ नको, पाय धडधाकट. मागे रांग खोळंबली, बाई वैतागली, शेवटी साधी मेणबत्ती घेतली. चमत्कार वगैरे काही नाही. पण आठवड्यातला तो एक तास कोणी 'मग आता पुढे काय' विचारत नव्हतं.

नाइट_ड्युटी

ब्रेकमध्ये लिहितेय. नर्सिंग मिरजेला केलं, आता ऑकलंड. कोविडच्या दुसऱ्या वर्षी पार संपले. प्रार्थनेला शब्दच येईनात. आजीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, बायबलातल्या एलीया संदेष्ट्याचं वाच. तो झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत येऊन प्रवचन देत नाही, भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो. तो खातो, परत झोपतो. परत उठवतो, परत खा. आजी म्हणे, "आधी जेव, मग भांड देवाशी."

गोळ्याही घेतल्या, डॉक्टरांच्या. एक काका म्हणाले, विश्वास कमी म्हणून गोळ्या लागतात. मी त्यांना त्यांची बीपीची गोळी किती एमजीची ते विचारलं. बेल वाजली, पळते.

पाटावरवंटा

बीपीची गोळी 😂😂 आजीला नमस्कार सांगा.

मसाल्याचा_डबा

यंदा बाटली मसाला कोणी कुटणार आहे का? मागच्या मे महिन्यात मिरच्या नीट वाळल्याच नाहीत.

नगरची_लेक

अहो, कुठे काय! (मलाही अर्धा किलो हवाय.)

सोनचाफा_वसई

सगळ्यांचं दोनदा वाचलं. आज गेल्या वर्षीची झावळी देऊन आले. पप्पांची परत फोटोमागे ठेवताना एक पाती गळून पडली. ती दिली. बाकी क्रूस आहे तिथेच आहे.

एक_दिवस_रोज काका, तुमची मुलगी चहात साखर किती घालते?

एक_दिवस_रोज

दोन चमचे. मला डायबेटिस आहे. सांगितलेलं नाही अजून.

मसाल्याचा_डबा

अर्धा किलो नगर. अजून कोणाला?